काका, माझी थुंकी परत द्या

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात मोकळा राहील. कॉम्प्युटरच्या एका फाइलमध्ये मी दोन रकाने उलटे लावले आणि त्या उलट्या फाइलवरून एका बापाला फोनवर सांगितलं, "मुलीवर जरा लक्ष ठेवा." त्या वाक्यापायी एका हुशार मुलीचं जवळजवळ एक वर्ष गेलं. फाइल दुरुस्त करायला एक दुपार पुरली. फोनवर जे केलं ते निस्तरायला मला फार वेळ लागला, आणि मधल्या काळात मी ते आणखी बिघडवून ठेवलं.

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला 'संशोधनातल्या गमतीजमती' लिहायला सांगितलं आहे. गमती आहेत, भरपूर आहेत. पण ही गोष्ट वगळून त्या लिहायला बसलो तर मला स्वतःची लाज वाटेल. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिला मी मसुदा वाचायला दिला होता. ती सध्या पुन्हा विद्यापीठाजवळ मुनिरकात खोली घेऊन राहते आणि प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात अडकली आहे. तिने माझी दोन वाक्यं खोडली, स्वतःसाठी 'शीतल' हे नाव निवडलं आणि कडेला पेन्सिलीने लिहिलं, "काका, तुम्ही स्वतःला फार रडवलंय. कमी करा." शक्य तेवढं कमी केलं आहे.

मी थुंकी गोळा करत असे. व्हिजिटिंग कार्डावर 'फील्ड को-ऑर्डिनेटर' असं छापलेलं होतं, पण मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मला कोणी त्या नावाने ओळखत नसे. लिफ्टमध्ये माझ्या बायकोला, मेधाला, विचारत, "भाभीजी, थूकवाले भाईसाहब टूर पे हैं क्या?" मेधाचे वडील केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले. जावई काय करतो हे सांगताना ते नेहमी "सायन्समध्ये आहे" एवढ्यावर थांबत.

आमची संस्था लहान होती, दक्षिण दिल्लीत एका इमारतीचे दोन मजले. प्रकल्पाचा विषय मात्र मोठा होता: माणूस किती शिकतो, त्याची बुद्धी कशी चालते आणि त्याला आत्महत्येचा धोका किती, या तीन गोष्टींत आनुवंशिकतेचा वाटा असतो का, असलाच तर किती. त्यासाठी अख्खी कुटुंबं हवी होती, आईवडील आणि मुलं मिळून. दिल्लीत येऊन राहिलेल्या वेगवेगळ्या भाषांच्या लोकांत ती शोधायची ठरलं. मी मराठी, म्हणून मराठी कुटुंबं माझ्या वाट्याला आली: मंत्रालयातले बाबू आणि छावणीतले जवान.

लोकांना वाटतं थुंकणं सोपं आहे. करून बघा. बोटाएवढ्या नळीवर एक रेघ असते, तिथपर्यंत लाळ भरायची. फेस धरायचा नाही, फेसाखालची लाळ रेघेला टेकली पाहिजे. आधी अर्धा तास खायचं नाही, चहा नाही, पान नाही. आता दिल्लीतल्या मराठी गणेशोत्सवाच्या मांडवात, ज्याच्या तोंडात अर्धा तास काही गेलं नाही, असा माणूस शोधून दाखवा. आरती झाली की प्रसाद, प्रसाद झाला की जेवण, मध्येच कोणाच्या तरी नागपूरच्या मावशीने पाठवलेली संत्रा बर्फी. शेवटी मी फळ्यावर लिहिलं, 'आधी थुंका, मग आरती.' मंडळाच्या सेक्रेटरींनी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'भाविकांनी लाळेचा नमुना देऊन सहकार्य करावे.' त्या दिवशी तीनच नमुने आले. दुसऱ्या दिवशी मी माझी पाटी परत लावली, अठरा आले.

एक आजी म्हणाल्या, "जन्मभर पोरांना थुंकू नका म्हणून मारलं, आणि आता तुम्ही मला चारचौघांत थुंकायला लावताय." त्या गणपतीच्या मखरामागे जाऊन थुंकून आल्या आणि नळी पदराखाली झाकून मला दिली. ज्यांच्या तोंडाला कोरड पडे त्यांच्यासाठी माझ्याजवळ एक फोटो असे: कैरीच्या फोडी, वर तिखट-मीठ. तो समोर धरला की कर्नल काय आणि क्लार्क काय, सगळ्यांची नळी भरे. माझ्या कारकिर्दीतला निर्विवाद यशस्वी प्रयोग म्हणाल तर तोच.

गुरुग्रामच्या एका उंच इमारतीत एकविसाव्या मजल्यावर एक बाई भेटल्या. मुलगा दहावीत. त्यांनी चौघांच्या नळ्या भरून दिल्या आणि विचारलं, "रिपोर्ट कधी? याला सायन्सला घालायचं की नाही ते ठरवायचंय."

मी म्हटलं, "रिपोर्ट मिळत नाही, मॅडम. आम्ही कोणालाच वैयक्तिक निकाल सांगत नाही."

"मग थुंकून आमचा फायदा काय?"

 मी विज्ञान, समाज, पुढच्या पिढ्या असं काहीतरी पुटपुटलो. मुलगा सोफ्यावरून म्हणाला, "मम्मी, अंकल को जाने दो यार."

आणि एका मंत्रालयातल्या बड्या अधिकाऱ्यांची केस. त्यांच्या घरून चार नळ्या आल्या: ते, पत्नी, दोन मुलगे. नमुने तपासले तर कॉम्प्युटर म्हणाला, हे गृहस्थ दोघांपैकी एकाही मुलाचे वडील नाहीत. आमच्या प्रमुखांनी, त्यांना आम्ही नुसतं मॅडम म्हणत असू, दार लावून घेतलं. अशा वेळी नियम एकच: तोंड बंद, कुटुंब यादीतून बाहेर. त्या आठवड्यात मंडळाच्या कार्यक्रमात अधिकाऱ्यांच्या पत्नी माझ्यासमोर आल्या. मी इतका सहानुभूतीचा चेहरा केला की त्यांनी विचारलं, "पोट बिघडलंय का तुमचं?" पुढे फॉर्ममधलं एक उत्तर राहिलं होतं म्हणून मी फोन लावला, तो साहेबांच्या ड्रायव्हरने उचलला. बोलता बोलता म्हणाला, "वो नली तो मैंने ही भरी थी, सर. साहब बोले तुम कर दो, मुझे मीटिंग है."

साहेबांनी थुंकण्याचं कामसुद्धा खाली मार्क केलं होतं. आमची स्टॅटिस्टिशियन फरहा, जिच्या जिभेला संस्थेत सगळे टरकून असत, शांतपणे म्हणाली, "शुक्र करो, बच्चे खुद किए."

हा किस्सा मी पुढे कित्येक वर्षं पार्ट्यांमध्ये नावगाव न सांगता रंगवून सांगितला. पण त्याने माझं एक नुकसान केलं. मला वाटायला लागलं, की गुपित सांभाळावं तर मीच. एक अख्खं घर मोडेल अशी गोष्ट मी पोटात ठेवली होती. ती खोटी निघाली ती गोष्ट वेगळी.

आता नियमाबद्दल. प्रत्येक नळीवर नाव नसतं, नंबर असतो. कुठला नंबर कोणाचा, याची यादी एका माणसाकडे. नंबरांचे निकाल दुसऱ्या माणसाकडे. दोघांनी एकमेकांच्या कपाटाला हात लावायचा नाही. नावांची यादी माझ्याकडे होती. निकालाचं काम बघणारा गृहस्थ बंगळुरूला गेला आणि तोवर थोडंफार शिकलेलो असल्यामुळे ते कामही माझ्याकडे आलं. मॅडम म्हणाल्या, "टेम्पररी आहे." दिल्लीत ज्याला टेम्पररी म्हणतात ते निवृत्तीपर्यंत टिकतं. दोन्ही कपाटांच्या किल्ल्या माझ्या एकाच खिशात आल्या.

निकाल म्हणजे काय, तेही सांगतो. थुंकीतून डीएनए मिळतो, त्यात कोट्यवधी अक्षरं असतात. काही ठिकाणी माणसामाणसांत अक्षर बदलतं. अशा हजारो जागा घ्यायच्या, प्रत्येक जागेला एक अगदी बारीकसं वजन द्यायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. ती झाली त्या माणसाची संख्या. वजनं परदेशातल्या याद्यांतून यायची, आणि त्या याद्या बहुतेक गोऱ्या लोकांवरून केलेल्या. आपल्या लोकांना ती मापं लागू पडतात की नाही, हेच तर आम्ही शोधत होतो. आणि समजा पडलीच, तरी हजारो माणसांच्या गर्दीत एखादा पुसटसा कल दिसतो, एवढंच. एका माणसाकडे बोट दाखवून त्या संख्येतून काही म्हणता येत नाही. हे मी लोकांना दिवसातून चार वेळा समजावून सांगत असे. मला ते पाठ होतं.

सुभेदार माने मला छावणीतल्या गणपतीत भेटले. मूळचे सातारा जिल्ह्यातले, माण तालुक्यातले. ताठ, मोजकं बोलणारे. आमच्या चाचणीत ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायचे असतात. सुभेदार चार आकड्यांवर अडले, त्यांच्या पत्नी सात आकडे न चुकता म्हणून गेल्या. सुभेदार म्हणाले, "घरी रोज प्रॅक्टिस असती तिला." माने वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका, मी अजून आठ म्हणणारे."

मुलगा अमोल दोन वर्षांपूर्वी गेला होता. कॉलेजात होता, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे, 'अमोलच्या साली' असं म्हणत.

आणि मुलगी, शीतल. भूगोलात पीएच.डी.ला नुकताच प्रवेश मिळालेला, मुनिरकात तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मैत्रिणीबरोबर राहायची. संमतीपत्र सहा पानांचं असतं. माझ्या अनुभवात ते पूर्ण वाचणारी ती एकटीच. वाचून झाल्यावर म्हणाली, "निकाल कोणालाच सांगणार नाही म्हणजे मलाही नाही?"

"तुलाही नाही."

"आणि बाबांना?"

"कोणालाच नाही."

"नक्की ना, काका? मग देते." आणि सही केली.

तीन-चार महिन्यांनी एका रविवारी सकाळी सुभेदार मयूर विहारला आमच्या घरी आले. दोन मेट्रो बदलून, हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मेधाने पोहे केले. ते खाल्ले, हवापाण्याचं बोलले. मेधा आत गेल्यावर म्हणाले, "सर, नियम मला म्हाईत आहे. मी नियमातला माणूस आहे. पण दुश्मन कुठल्या बाजूनं येणार एवढं कळलं तर बंदोबस्त करता येतो. अमोलच्या वेळी मला बाजूच कळली न्हाई. शीतलचं नुसतं एवढं सांगा, काळजी करू का नको."

मी त्यांना नियम सांगितला, गर्दी आणि एक माणूस यांतला फरक सांगितला. त्यांनी मान डोलावली. जाताना दारात चपला घालायला वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. चपला तर केव्हाच घालून झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात दोन्ही कपाटं उघडली. शीतलचा नंबर काढला, तो निकालाच्या फाइलमध्ये शोधला. आत्महत्येच्या धोक्याच्या रकान्यात ती यादीत खूप वर होती. मी जिन्यात जाऊन फोन लावला. "काळजीचं तसं काही नाही, सुभेदारसाहेब. पण जरा जास्त आहे. लक्ष ठेवा."

ते म्हणाले, "ठीक आहे, सर." आणि फोन ठेवताना, "उपकार झाले."

तो शब्द ऐकून मला बरं वाटलं होतं. हे लिहिणं मला सगळ्यात जड जातं आहे, म्हणून एकदाच लिहितो.

पाच महिन्यांनी पुढची प्रश्नावली भरून घ्यायला मी छावणीत त्यांच्या क्वार्टरवर गेलो. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला एक कागद होता. पट्टीने आखलेला, शाईने लिहिलेला. '०६०० ते १०००, आई. १००० ते १४००, मावशी. १४०० ते १८००, शेजारच्या वहिनी. १८०० पासून स्वतः.' शीतलवरच्या पहाऱ्याचा तो ड्यूटी रोस्टर होता. बाथरूमची आतली कडी काढलेली होती, स्क्रूची भोकं पांढऱ्या पुट्टीने नीट बुजवलेली. मुनिरकातली खोली एका सकाळी टेम्पो नेऊन रिकामी केली होती. विद्यापीठात एक वर्ष रजेचा अर्ज दिला होता, त्यावर शीतलची सही होती, पण मजकूर सुभेदारांच्या अक्षरात. घरी का आणलं, हे तिला सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर मनावर परिणाम होईल म्हणून.

शीतल पुस्तक उघडून बसली होती. दोन फुटांवर मावशी वाटाणे सोलत होत्या. मावशी ताट घेऊन उठल्या तेव्हा शेजारच्या वहिनी आल्या आणि त्या जागेवर बसल्या. इतका सफाईदार पाळीबदल मी पहारेकऱ्यांचाही पाहिला नाही. शीतलने मला चहा आणून दिला आणि हळूच विचारलं, "काका, तुम्हाला माहीत आहे का, मला घरी का आणलंय?"

मी म्हटलं, "आईबाबांना काळजी वाटत असेल गं."

आणि चहा प्यालो. सगळा. दारापर्यंत सोडायला सुभेदार आले, हळू आवाजात म्हणाले, "बंदोबस्त पक्का आहे, सर."

त्यानंतर मी काय केलं? काही नाही. दोन-तीनदा मॅडमच्या दारापर्यंत गेलो आणि स्टेशनरीचं काहीतरी विचारून परत आलो.

आणखी चार-पाच महिन्यांनी शिक्षणाची यादी तयार झाली. ज्यांची संख्या मोठी ते जास्त शिकलेले निघायला हवेत, निदान थोडेसे. आमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर तीनदा दहावी नापास झालेले एक हसतमुख केटरर होते आणि तळाला दोन प्राध्यापिका. आम्ही शास्त्रज्ञ. आम्ही लगेच त्यावर सिद्धान्त मांडला. आपल्याकडच्या परीक्षापद्धतीत बुद्धिमान माणूस टिकत नाही, असा मॅडमनी विचार बोलून दाखवला, एक स्लाइडही तयार झाली. सगळ्यांना ती पटली, कारण प्रत्येकाला स्वतःचे मार्क आठवले.

फक्त फरहाला पटली नाही. तिने माझी फाइल उघडली, दुपारभर बसली आणि मला बोलावलं. डीएनएच्या प्रत्येक जागेला दोन अक्षरं शक्य असतात आणि वजन त्यातल्या एका ठरावीक अक्षराला द्यायचं असतं. ती दोन अक्षरं दोन रकान्यांत लिहिलेली. मी रकान्यांची अदलाबदल केली होती. म्हणजे मास्तरने उत्तरपत्रिका तपासताना चुकलेल्या उत्तरांना मार्क द्यावेत आणि बरोबर उत्तरांचे कापावेत, तसं झालं होतं. आणि सगळ्या याद्यांसाठी मी एकाच पद्धतीने फाइल केली होती.

मी विचारलं, "म्हणजे दुसरी यादीसुद्धा उलटी?"

"सब उल्टा. जो ऊपर है वो नीचे."

माझा चेहरा पाहून तिने विचारलं, आणि मी तिला शीतलचं सगळं सांगून टाकलं. तिने फाइल बंद केली. मग म्हणाली, "अब तुम भाग के वहाँ मत जाना. सीधा करने के बाद भी उस नंबर से उस लड़की का कुछ पता नहीं चलता. तब भी नहीं चलता था. समझे?"

"बिल्कुल समझा," मी म्हटलं, आणि तासाभरात छावणीत पोचलो.

सुभेदारांना म्हणालो, "आमची चूक होती. यादी उलटी होती. शीतलचा धोका जास्त नाही, कमी आहे." म्हणजे ज्या संख्येतून काहीच कळत नाही तिच्यावर विसंबून मी दुसऱ्यांदा निकाल सांगितला, या वेळी आनंदाने. मला वाटलं मी माफी मागतोय. सुभेदारांनी फ्रिजवरचा कागद काढला, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. संध्याकाळी शेजारपाजारी पेढे वाटले. कशाचे, ते कोणाला सांगितलं नाही.

दहा-बारा दिवसांनी शीतल आमच्या ऑफिसात आली. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "काका, माझी थुंकी परत द्या."

संमतीपत्राच्या पाचव्या पानावर ते लिहिलेलं असतं: नमुना केव्हाही मागे घेता येतो. ते वाक्य वापरणारीही ती पहिलीच.

"बाबांनी सांगितलं, तुझा रिपोर्ट नॉर्मल आला," ती म्हणाली. "मग मला सगळं कळलं."

मी घाईघाईने रकान्यांबद्दल सांगायला लागलो. तिने मला मध्येच थांबवलं. "मी फाइलचं विचारत नाहीये. अमोलदादा गेल्यापासून मला बरं वाटत नाही, काका. काही दिवस फार वाईट जातात. मुनिरकात निदान एक मैत्रीण होती, तिच्याशी बोलायचे. मग घरी आणलं. दहा महिने कोणी ना कोणी माझ्या दोन फुटांवर बसलेलं असायचं, पण तुला काय होतंय असं एकानेही विचारलं नाही. आणि परवा मी स्वतःहून बाबांना सांगायला गेले, तर म्हणाले, रिपोर्ट तर चांगला आहे, मग तुला काय होतंय?"

 फरहा शेजारच्या टेबलावरून उठली, एक खुर्ची ओढून शीतलच्या समोर बसली आणि तिने सरळ विचारलं, वाईट दिवस म्हणजे किती वाईट, जीव नकोसा वाटतो का, आत्ता वाटतोय का. आडवळण नाही, चेहऱ्यावर सहानुभूती नाही. शीतल बोलायला लागली. बराच वेळ बोलली. फरहाने आमच्या प्रकल्पाच्या डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं, आणि त्या दिवसापासून शीतल त्यांच्याकडे नियमित जायला लागली. ज्या प्रश्नाभोवती आम्ही एवढा प्रकल्प उभा केला होता तो समोरच्या माणसाला विचारायला एक खुर्ची पुरली.

नळी नष्ट करताना शीतल हजर राहिली. फ्रीझरमधून तिचा नंबर काढला, वाफेतून आलेली ती नळी तिने पाहिली आणि म्हणाली, "एवढीशीच होती?"

मी मॅडमना सगळं सांगितलं. समिती बसली. दोन्ही किल्ल्या माझ्याकडून गेल्या, ते योग्यच झालं. समितीने माझ्या सहीचं एक पत्र तयार करून शीतलला पाठवलं. 'आपल्यासंबंधीची माहिती अनवधानाने उघड झाली, याबद्दल खेद वाटतो.' ते चार दिवसांत परत आलं. 'अनवधानाने' या शब्दाखाली रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'दोन कपाटं उघडून?' त्याखाली: 'काका, रविवारी घरी या. आईबाबांसमोर.'

मी गेलो. सकाळची वेळ होती. माने वहिनी, सुभेदार आणि शीतल तिघंही बसले होते. बाथरूमच्या दाराला नवी कडी होती. मी बसलो नाही.

सुभेदारांनीच सुरुवात केली. "सर, आता यादी सुलटी आहे न्हवं? मग कमी म्हणजे कमीच ना?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे जास्त आहे?"

"माहीत नाही, सुभेदारसाहेब. त्या नळीतून ते कळत नाही. पहिल्या फोनच्या वेळीही कळत नव्हतं."

"मग फोन कशापायी केला?"

"तुम्ही दारात वाकून उभे राहिलात ते मला बघवलं नाही. आणि मला काहीतरी कळतं, असं तुम्हाला वाटावं, हे मला आवडलं."

 वहिनी म्हणाल्या, "दहा महिने आम्ही पोरीला कोंडलं, सर." त्यात राग नव्हता, त्या नुसतं मोजत होत्या.

"मग बाजू कळायची कशी?" सुभेदारांनी विचारलं, मला नाही, कोणालाच नाही.

"बाबा, मला विचारायचं," शीतल म्हणाली. "मी सांगेन. काही वेळा नाही सांगणार. मग परत विचारायचं."

सुभेदारांनी मान डोलावली. मग ती माझ्याकडे वळली.

मी घरून पाठ करून आलो होतो. मेधासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हटलं:

"शीतल, तू एकच अट घातली होतीस आणि मी हो म्हटलं होतं. ती मी मोडली. तुझ्याबद्दल तुला न विचारता बोललो, एकदा नाही, दोनदा. आणि जे बोललो ते मला माहीतच नव्हतं. फाइलची चूक झाली नसती तरी हे चुकीचंच होतं. तू इथे, याच खोलीत, मला विचारलंस, की घरी का आणलंय. मला कारण माहीत होतं. माझं चुकलं. तो चहा पिऊन मी उठून जायला नको होतं."